आधी दोन घास

विद्याताई,

तुझ्या फ्रीजमध्ये सध्या बोट शिरायला जागा नाही. तू गेल्याची बातमी मलिंगार या आयरिश गावातल्या तुझ्या गल्लीत पसरली आणि त्या संध्याकाळपासून दारावरची बेल काही थांबली नाही. लझान्याचे ट्रे, ॲपल टार्ट, अंड्याची सँडविचेस, फॉइलमध्ये गुंडाळलेला ब्राउन ब्रेड. तुझे अनिलराव दारात आलेल्या प्रत्येकाला नमस्कार करतात, मग लक्षात येऊन घाईघाईने हात पुढे करतात, आणि ट्रे आत आणून आता हा कुठे ठेवू अशा नजरेने माझ्याकडे बघतात. सुतकाच्या घरात आमच्याकडे चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात, असं मी शेजारच्या मोरिनला सांगितलं. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "शुअर, व्हॉट एल्स वुड यू डू?" म्हणाली आणि ट्रे ठेवून गेली.

हे बघायला तू हवी होतीस. एकेकीला दारातच अडवून तू उलट विचारलं असतंस, "अगं, पण तू जेवली का?"

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मला तुझ्यावर लिहायला सांगितलंय. जन्म कुठला, मेडिकल कॉलेज कुठलं, इथल्या हॉस्पिटलात किती वर्षं काढली, वगैरे. ती माहिती अनिलराव देतील, मला त्यात पडायचं नाही. मला तुझ्याशी एक भांडण संपवायचं आहे. आणि जाताना जे काम तू माझ्या गळ्यात घालून गेलीस, ते कसं झालं ते तुला सांगायचं आहे. दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नाभोवती फिरतात आणि तो प्रश्न तुझ्या तोंडून ऐकला नाही असा माणूस या गावात सापडायचा नाही.

मी पुण्याचा. आमच्याकडे फोन केला की कामाचं बोलतात. सकाळी मी डब्लिनमध्ये सँडीफोर्डच्या ऑफिसला जायला लुआसमध्ये लोंबकळत असायचो, तुझा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "जेवला का रे?" ताई, सकाळ आहे, मी ट्रॅममध्ये आहे, असं म्हटलं की "मग काय झालं? नाश्ता नाही केला का?" म्हणायचीस. तुझं नागपूर आणि माझं पुणे यांच्यातला हा वाद आपण किती वेळा खेळलो असू. तुमच्याकडे तर पाहुण्याला दारातच सांगतात, जेवूनच आला असाल, अशी तू माझी टर उडवायचीस. मी म्हणायचो, निदान आम्ही पाहुण्याचा वेळ तरी वाया घालवत नाही.

वॉर्डातही तू हेच करायचीस. तापाने फणफणलेलं मूल घेऊन आलेल्या आयरिश आईला आधी विचारायचीस, तू काही खाल्लंस का, आणि नर्सला टोस्ट आणायला पिटाळायचीस. त्या बायका रडायच्या म्हणे. मला वाटायचं, पेशंट मूल आहे, आईच्या टोस्टचं काय मध्येच.

या कामात तूच मला ओढलंस. ब्रीड म्हणजे मलिंगारची निवृत्त शिक्षिका. तिची बहीण नन होती आणि दक्षिण सुदानमधल्या एका गावात तिने एक शाळा आणि शाळेला लागून एक दवाखाना सुरू केला होता. बहीण वारली, पण ब्रीडने ते काम सोडलं नाही. चर्चच्या हॉलमागच्या खोलीत, गळक्या रेडिएटरशेजारी तिची कमिटी भरायची आणि लहान मुलांची डॉक्टर म्हणून तू त्या कमिटीत होतीस. गावात डॉक्टर नाही, अचोल नावाची एक नर्स आहे. ती आठवड्यातून एकदा फोनवरून अवघड केसेस सांगते आणि तू मार्गदर्शन करतेस, अशी पद्धत होती. लाईन सारखी तुटायची. "तू आयटीवाला ना? मग ये आणि हे दुरुस्त कर," एवढ्या मुलाखतीवर माझी कमिटीत नेमणूक झाली.

मंडळात लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आठवतं? गणपतीच्या आरतीनंतर कोणीतरी तुला तोंडावर म्हणालं, आपल्या गडचिरोलीत काय कमी गरिबी आहे, की डॉक्टरीणबाई आफ्रिकेला चालल्या? तू प्रसादाचा द्रोण हातात धरून शांतपणे म्हणालीस, "मी रोज इथल्या आयरिश पोरांना तपासते. तेव्हा काऊन नाही विचारत तुम्ही आपलं-परकं?" मग तू त्यालाच विचारलंस, शिरा मिळाला का म्हणून.

मी तिथे छपरावर बसवायची सॅटेलाइट इंटरनेटची एक छोटी डिश पाठवली, सौरऊर्जेवर चालणारी. लाईन सुधारली, पण जेमतेम. ढग आले, बॅटरी उतरली, गावाजवळ गोळीबार झाला की बंद. म्हणून मी नियम सुचवला: आधी केस, मग औषध, मग बाकीचं. तू मान डोलावलीस आणि पुढच्याच कॉलला अचोलला म्हणालीस, "जेवली का?" मग इंग्रजीत अर्थ सांगितलास. पुढे अर्थ सांगायचीही गरज उरली नाही. अचोल तिकडून हसून "जेवली, डॉक्टर" म्हणायची, तुझ्याच नागपुरी चालीत, आणि इकडे माझ्या लॅपटॉपवर सिग्नलची रेघ खाली खाली जात असायची. मी कपाळाला हात लावायचो. ब्रीड मात्र तुझ्या बाजूने होती. "दॅट्स ओन्ली मॅनर्स," म्हणायची. तिच्या घरी पाऊल टाकलं की आधी चहा, मग नाव-गाव, तेव्हा तिच्याकडून दुसरी कसली अपेक्षा करणार?

मी तुला स्पष्ट बोललो होतो. जिथे खायला नाही तिथल्या माणसाला जेवलीस का विचारणं हा शिष्टाचार नाही, ती जखमेवरची खपली काढणं आहे. ती काय उत्तर देणार? तू म्हणालीस, "ते तिला ठरवू दे." तेवढ्यावरच आपण ते भांडण सोडून दिलं, कारण अनिलरावांनी पोहे आणले.

मग तो रविवार. मी तुझ्या स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून बसलो होतो, तू ब्राउन ब्रेडवर जवसाची चटणी आणि लोणी थापत होतीस. तो तुझा खास शोध. मी त्याला नावं ठेवायचो आणि चार चार खायचो. अचोलची लाईन लागली. तिच्यासमोर एक मूल होतं, श्वास लागलेलं, ते आपल्याला ऐकू येत होतं. तू तुझा प्रश्न विचारलास आणि पलीकडे शांतता पसरली. मला वाटलं लाईन गेली. मी वायर काढून लावली, स्क्रीनवर बोटं आपटली. लाईन गेली नव्हती.

"नो," अचोल म्हणाली.

तू सुरी खाली ठेवलीस. "कधीपासून?"

"काल नाही. परवा थोडं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. बाजार कितीतरी दिवस भरलाच नव्हता. रस्त्यावर बंदूकवाल्या टोळ्या, ज्वारीची गाडी येईना. आपण पाठवलेला पगार तिला वेळेवर मिळत होता, पण त्या पैशांनी विकत घ्यायला काही नव्हतं. शाळा सकाळी भरून लवकर सुटत होती, कारण मुलं बसल्या जागी आडवी होत होती. आम्हाला का नाही कळवलं, असं मी मध्येच ओरडलो. अचोल म्हणाली, कळलं असतं तर तुम्ही शाळा बंद केली असती. मग थांबून म्हणाली, डॉक्टर, मी दर वेळी हो म्हणायचे, पण आज खोटं बोलायला अंगात जीव नाही.

दवाखान्यात शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं होती, कुपोषित मुलांसाठीची. तू म्हणालीस, "एक फोड आणि खा." ती म्हणाली, ते मुलांचं आहे. तू म्हणालीस, "डॉक्टर सांगते आहे. आधी दोन घास खा. मी लाईनवर थांबते. मग मला पोराचं सांग."

आणि तू खरोखर थांबलीस. मूल श्वासासाठी झगडत होतं, लाईन कुठल्याही क्षणी तुटली असती, आणि तू टेबलावर कोपरं टेकून अचोलचं खाणं ऐकत बसलीस. पाकीट फाटल्याचा आवाज आला, मग गिळल्याचा. "गिळलं?" तू विचारलंस. मग एकदम कामाला लागलीस: छाती आत ओढली जाते का, ओठ कसे दिसतात, कुठलं औषध, किती. तिचा आवाज बदलला होता, हे मी नाकारत नाही. ते मूल वाचलं.

तू कॉल संपवलास आणि मी तुझ्यावर तुटून पडलो. मुलांसाठीचं अन्न मोठ्या माणसाला द्यायला सांगितलंस, तेही एक मूल समोर घुसमटत असताना. तू म्हणालीस, नर्स कोसळली तर ती पाकिटं मुलांना कोण भरवणार, तू? मी म्हणालो, आणि तुझ्या त्या प्रश्नाचा काय उपयोग झाला? इतके दिवस ती खोटं हो म्हणत होती. यावर तू जे बोललीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मी विचारत राहिले म्हणून तिला एक दिवस नाही म्हणता आलं, मंदार. तू विचारलंच नसतं तर नाही कुठं म्हणणार होती ती?"

पुण्याच्या माणसाला उत्तर न सुचण्याचा तो दुर्मीळ प्रसंग होता आणि मी तो तुला साजरा करू दिला नाही. गाडी काढली आणि घरी आलो.

पुढचं तू जाणतेस. कमिटीत मीच म्हणालो की आपलं काम शिक्षण आणि आरोग्य आहे, अन्नवाटप नव्हे. उपाशी पोराला पाढे शिकवून बघ, असं म्हणत ब्रीडने मला गप्प केलं. रस्ता मोकळा झाल्यावर शाळेच्या आवारात दुपारचं पातेलं चढलं, ज्वारी आणि चवळी. शाळा पुन्हा पूर्ण वेळ भरू लागली. दवाखान्यात येणाऱ्या आया मुलांबरोबर पंगतीला बसू लागल्या. आणि अचोलचं "जेवली, डॉक्टर" त्यानंतर वेगळं ऐकू यायचं, कारण आता ते खरं आहे की नाही हे आपल्याला कळायचं.

तिकडे ज्वारी खातात हे कळल्यावर तुझा आनंद गगनात मावेना. ती मंडळी तिचं घट्ट पीठ शिजवतात, भाकरी करत नाहीत, हे ऐकून तू डब्लिनच्या भारतीय दुकानातून लोखंडी तवा आणलास, अचोलला भाकरी शिकवायला. अचोल एकदा म्हणाली होती, डॉक्टर, तुम्ही दर वेळी मलाच विचारता. एकदा या, मी तुम्हाला वाढते, आणि मग मी विचारते. तेव्हापासून तुझा एकच ध्यास. कोरड्या ऋतूत रस्ता सुरू असतो तेव्हा जायचं. तू लस टोचून घेतलीस. हॉस्पिटलात रजा मांडलीस.

आणि प्रवासाची सुरक्षा बघायचं काम माझ्याकडे होतं.

मी नको म्हणालो. रस्ता धोक्याचा आहे, पुढच्या वर्षी बघू. तू उखडलीस. "काऊन रे, तू काय माझा सासरा आहे का?" कमिटीतल्या आयरिश लोकांना मराठी कळत नव्हतं, तरी सगळे खाली बघू लागले. ब्रीडने माझी बाजू घेतली, म्हणून तू ऐकलंस. त्याच ऋतूत त्या रस्त्यावर गाड्या अडवल्या गेल्या, माणसं मेली. ती बातमी मी तुला पाठवली, खाली काही न लिहिता. तू उत्तर दिलं नाहीस. पुढच्या वर्षी तू पुन्हा विषय काढलास आणि मी पुन्हा म्हणालो, पुढच्या वर्षी. तू या वेळी भांडली नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुला दम लागत होता.

माझं चूक नव्हतं, ताई. आजही तो नकाशा समोर ठेवला तर मी नकोच म्हणेन. पण बरोबर असण्याचा मला कवडीचा उपयोग नाही. तुझा तवा सिंकखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तसाच आहे. परवा डिशवॉशरच्या गोळ्या शोधताना हाताला लागला. मी प्रेसचं दार लावून घेतलं आणि अनिलरावांना सांगितलं, गोळ्या संपल्यात.

आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. तू अचोलला काही कळू दिलं नाहीस. आवाज खोल गेला तरी कॉल चुकवला नाहीस. शेवटी शेवटी तू मला पलंगाजवळ बसवलंस आणि म्हणालीस, "मी गेले की अचोलला तू सांग. टाइप करून नाही, बोलून सांग. एकटी आहे ती तिथं. आणि आधी विचार, जेवली का. उपाशीपोटी नको सांगू."

मला इतका राग आला की विचारू नकोस. "ताई, आता तरी," म्हणालो मी. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं धड वाक्य हे असं. त्यानंतर तू गुंगीत होतीस. तुझे आभार मानायचे होते. त्या रविवारचं भांडण तू जिंकलीस हेही सांगायचं होतं. कितीतरी दिवस ते ओठांवर होतं आणि मी तुला चिडून "आता तरी" म्हणालो.

तू गेलीस आणि नेमकी तिकडची लाईन बंद झाली. गावाच्या आसपास पुन्हा टोळ्या फिरू लागल्या. असं झालं की अचोल डिश उतरवते आणि धान्याच्या कणगीत लपवते, कारण डिश दिसली की बंदूकवाले ती मागायला येतात. मग गावाबाहेरच्या उंचवट्यावर जाऊन मोबाइलवरून तिचे दोन ओळींचे मेसेज येतात, तेवढेच. संस्थेचा फोन, जो तुझ्याकडे असायचा, तो माझ्याकडे आला. पहिला मेसेज तुझ्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी आला: मुलीला झटके येतात, काय करू?

मी गॉलवेच्या केतकीला फोन लावला. तुझीच विद्यार्थिनी म्हणायची, आता तिथल्या हॉस्पिटलात मुलांची डॉक्टर आहे. तिने लगेच उपचार सांगितले, मी जसेच्या तसे टाइप करून पाठवले. खाली नाव घातलं नाही. असे मेसेज येत राहिले, केतकी सांगत राहिली, मी टाइप करत राहिलो. सगळं अचूक होतं. तुझ्या मरणाबद्दल लिहायला बोट धजेना आणि तूही लिहू नकोस म्हणाली होतीस. ब्रीडही म्हणाली, असं काही कोणी मेसेजमधून सांगतं का, माणूस दारात जातो, हात हातात घेतो. दारात जायची सोय तर मीच ठेवली नव्हती.

एकदा वाटलं, निदान मेसेजच्या सुरुवातीला तुझा प्रश्न घालावा. "जेवली का?" टाइप केलंसुद्धा. मग पुसून टाकलं. तुझी सही खोटी करण्यासारखं वाटलं ते.

माझी ईरा शाळेतून आली की रोज विचारायची, "बाबा, डिड यू टेल हर?" नाही म्हटलं की दप्तर टाकून वर निघून जायची.

काल शनिवार. मी मलिंगारला आलो होतो. अनिलराव वर झोपले होते, दिवसभर माणसं येऊन गेल्यामुळे थकले होते. मी तुझ्या टेबलाशी बसलो होतो आणि तुझ्या चहाच्या डब्याशेजारी ठेवलेला संस्थेचा फोन वाजला. मेसेज नव्हता. कॉल होता. अचोलने डिश पुन्हा बसवली होती.

मी ठरवून ठेवलं होतं. आधी विचारायचं, जेवली का. ती हो म्हणाली तर सांगायचं. नाही म्हणाली तर थांबायचं. एवढ्यासाठी मी मनातल्या मनात कितीदा सराव केला होता. फोन उचलला आणि आधी तिचाच आवाज आला.

"मंदार?" ती म्हणाली. तुझ्या फोनवर मी आहे याचं तिला जराही आश्चर्य वाटलं नव्हतं.

"हो."

"जेवली का?"

तुझा प्रश्न, तुझीच चाल, अगदी तो शेवटचा हेल काढून. ती सावकाश इंग्रजीत म्हणाली, मला माहीत आहे. पहिला मेसेज आला तेव्हाच कळलं. औषध बरोबर होतं, पण डॉक्टर कधी आधी औषध सांगत नाही. मी दुसऱ्या मेसेजची वाट बघितली, तिसऱ्याची बघितली. कोणीच विचारलं नाही. मग मी माझ्या घरात बसून रडून घेतलं. आता तू सांग, जेवलास का?

ताई, मी कधीच कोणाला या प्रश्नाचं खरं उत्तर दिलेलं नाही. हो हो, झालं, असं म्हणून पुढे सरकायचं, हीच माझी पद्धत. काल मी म्हणालो, "नो."

"तिथे काही आहे का खायला?"

मला हसू आलं. लझान्यांनी भरलेल्या फ्रीजसमोर बसून मी उपाशी होतो. आहे, म्हणालो.

"मग आधी खा," अचोल म्हणाली. "दोन घास. मी लाईनवर थांबते. मग सांग, ती कशी गेली."

मी उठलो. मोरिनचा ब्राउन ब्रेड कापला. तुझी जवसाची चटणी बरणीच्या तळाला थोडी उरली आहे, तिला कोणी हात लावत नव्हतं. मी लावला. लोणी थापलं आणि खाल्लं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, लांब कुठेतरी मुलं ओरडत होती. सिग्नलची रेघ खाली येत असणार, मी बघितली नाही.

"गिळलं?" तिने विचारलं.

"हो."

"आता सांग."

मी सांगितलं. आजार, पलंग, तुझा खोल गेलेला आवाज, तू माझ्या गळ्यात घातलेलं काम, सगळं. झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती आणि या वेळी लाईन गेली असं मला वाटलं नाही. मग म्हणाली, इतकी वर्षं ती मला विचारत राहिली, आणि मी तिला एकदाही माझ्या हाताने वाढू शकले नाही.

यावर मी काय रस्त्याचा नकाशा दाखवणार होतो?

"रस्ता सुरू झाला की तू ये," अचोल म्हणाली. "तिच्या जागी बस. मी वाढते."

मी सिंकखालच्या प्रेसकडे बघत होतो. येताना तवा घेऊन येतो, म्हणालो. तिला कसला तवा ते कळलं नाही, तरी ती "घेऊन ये" म्हणाली. 'पुढच्या वर्षी' हे शब्द माझ्या जिभेवर आलेच होते, ताई. हातात ब्रेडचा एक तुकडा उरला होता, तो तोंडात घातला आणि त्याच्याबरोबर ते शब्दही गिळून टाकले.